काठाची रेषा आणि कोशाचा भाव

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे होणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना राज्यातील लाखो विद्यार्थी बसत आले आहेत. या परीक्षांतील श्रेणीमुळे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर पालकांचीही त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली आहे. भंडारा जिल्ह्यातील शाळा यास अपवाद नाहीत. संकल्पचित्राच्या उत्तरपत्रिकेत दिलेल्या चौकोनात वा वर्तुळात विद्यार्थी पाने, फुले आणि भौमितिक आकार बसवतात, रंगसंगती ठरवतात आणि वेळेत काम पुरे करतात. त्यांपैकी पुष्कळांना कलेचे मूलघटक तोंडपाठ असतात : रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश. पुढची तत्त्वेही असतात : तोल, लय, प्रमाण, विरोध, प्राधान्य, एकात्मता. मात्र याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, आंधळगावात विणलेली कोशाची साडी समोर पसरून 'यातली रेषा कोठे आहे ती दाखव' असे म्हटले, तर उत्तर मिळणे कठीण. दोष विद्यार्थ्याचा नाही. हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

झाडीबोली अस्खलित बोलणाऱ्या मुलाने शाळेत येऊन विभक्तीचे प्रत्यय घोकावेत आणि आपण घरी जे बोलतो त्यातही विभक्ती असते याचा त्याला पत्ताच नसावा, तसा हा प्रकार आहे. व्याकरण आधी आणि भाषा नंतर, असा क्रम आपल्या शिक्षणात बहुतेक विषयांनी पत्करला आहे. चित्रकलेने तो न पत्करला तरच नवल. पण इतर विषयांत या उलट्या क्रमाने केवळ कंटाळा उत्पन्न होतो. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात चित्रकलेच्या बाबतीत त्याची किंमत रोख पैशात मोजावी लागते, आणि ती मोजणारा वर्गात बसलेला नसतो. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो.

ही किंमत कशी पडते हे कळण्यासाठी आधी ते वस्त्र पाहिले पाहिजे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर या पट्ट्यात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या पोसल्या जातात. हे काम मुख्यतः ढिवर कुटुंबांकडे आहे. तुतीच्या रेशमाचा धागा एकसारखा, गुळगुळीत आणि पांढुरका असतो. कोशाचा धागा तसा नाही. तो जात्याच पिंगट, मधाच्या रंगाकडे झुकणारा. कोठे किंचित जाड, कोठे बारीक. त्याच्या कापडावर हात फिरवला की बोटांना ते सांगावे लागत नाही. पोत म्हणजे काय, याचे याहून सोपे उत्तर चित्रकलेच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. पोत ही वरून लावलेली गोष्ट नसून द्रव्याच्या स्वभावातून आणि कामाच्या रीतीतून उगवते, एवढे जरी विद्यार्थ्याला त्या स्पर्शातून कळले तरी एक धडा संपला.

आता काठ. विदर्भातील या साडीला करवतकाठी म्हणतात, कारण तिच्या काठाची आतली कड करवतीच्या दातांसारखी असते. हे दात पाहून कोणासही वाटेल, की कोणी तरी आधी कागदावर रेघ काढली आणि मग ती कापडावर उतरवली. वस्तुतः येथे रेघ काढलेलीच नसते. साध्या मागावर एक धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो आणि आडव्या धाग्याची एक ओळ पुरी होते. करवतकाठी विणताना तीन धोटे लागतात : डाव्या काठाचा एक, अंगाचा एक, उजव्या काठाचा एक. काठाचा आडवा धागा काठापुरताच जातो, अंगाच्या आडव्या धाग्याला भेटतो, त्याच्यात अडकतो आणि परत फिरतो. दर ओळीला दोन ठिकाणी ही गाठभेट व्हावी लागते. भेटीची जागा ठरावीक हिशेबाने मागेपुढे सरकत राहते आणि या सरकण्यातून दात उमटतात. म्हणजे जिला आपण रेषा म्हणतो, ती दोन रंगांच्या प्रदेशांमधली सरहद्द आहे, आणि ती एकेका धाग्याच्या वाटाघाटीने ठरलेली आहे. रेषा म्हणजे चालणारा बिंदू, असे विद्यार्थी पाठ करतात. येथे तो बिंदू शब्दशः चालतो. दर ओळीला एक पाऊल.

या रीतीमुळे आणखी एक गोष्ट घडते, आणि ती रंगाच्या पाठासाठी फार मोलाची आहे. समजा काठाचे उभे धागे लाल आहेत आणि आडवा धागा अंगातूनच येणारा पिंगट आहे. मग लाल आणि पिंगट यांची जाळी होते आणि दुरून तो काठ विटका, मातकट लाल दिसतो. डोळा दोन रंग वेगळे पाहत नाही; तो त्यांचे मिश्रण करून मोकळा होतो. करवतकाठीत काठाचा आडवा धागाही काठाचाच असतो, उभाही लाल आणि आडवाही लाल. म्हणून तो लाल निखळ दिसतो. शिवाय काठ परंपरेने सुताचा आणि अंग रेशमाचे. रेशीम प्रकाश परतवते, सूत तो बराचसा पिऊन टाकते. एका बाजूला झळाळी, दुसऱ्या बाजूला गंभीर रंग, आणि दोहोंच्या मध्ये दातांची ती काटेकोर लय. विरोध आणि संवाद ही दोन तत्त्वे पुस्तकात दोन वेगळ्या परिच्छेदांत असतात. साडीत ती एकाच बोटभर जागेत नांदतात.

करवतीचे हे दात रामटेकच्या मंदिरावरील कोरीवकामावरून घेतले असे सांगितले जाते. कथा सुंदर आहे आणि तिचा कोणाला उपद्रवही नाही. परंतु ज्या विणकराला दोन धागे एकमेकांत अडकवून सरहद्द राखायची आहे त्याच्या हातून दातेरी कड होणे इतके स्वाभाविक आहे, की त्यासाठी त्याला गड चढून जाण्याची गरज नव्हती. आपल्याकडे कारागिराला श्रेय देताना देवळाचा किंवा राजाचा आधार घेण्याची सवय जडली आहे. त्याने स्वतःच्या मागावर बसून काही शोधून काढले असेल, ही शक्यता सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

ही सवय एकट्या आपली नाही. शाळेत शिकवली जाणारी मूलघटकांची आणि तत्त्वांची मांडणी आपल्याकडे आली कोठून, याचा माग काढला तर एक गंमत आढळते. आपल्या परंपरेत कलेचे वर्गीकरण नव्हते असे नाही. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे दिली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. पण मुंबईत १८५७ मध्ये सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली ती विलायतेतल्या कलाशिक्षणाच्या धर्तीवर, आणि रेखाकलेच्या परीक्षाही त्याच मुशीतून निघाल्या. त्या काळी विलायतेत नक्षीकामाच्या तत्त्वांचा मोठा खल चालला होता. १८५१ साली लंडनला जे प्रचंड प्रदर्शन भरले, त्यात हिंदुस्थानातील कापड मांडलेले होते. त्या प्रदर्शनाच्या इमारतीची रंगयोजना करणारा ओवेन जोन्स हे कापड पाहून थक्क झाला. यंत्रावर छापलेल्या विलायती कापडावर उठावदार, सावल्या टाकलेली गुलाबाची फुले असत. हिंदी कापडावरचे फूल सपाट, जागेला धरून आणि प्रमाणात होते. १८५६ मध्ये जोन्सने 'ग्रामर ऑफ ऑर्नामेंट' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नक्षीकामाची सदतीस सूत्रे आहेत आणि हिंदी अलंकरणावर स्वतंत्र प्रकरण आहे. सांगायचे ते असे, की आज ज्या तत्त्वांची यादी आपला विद्यार्थी पाठ करतो तिचा एक धागा आपल्याच विणकरांच्या कामावरून उचललेला होता. तो समुद्रापलीकडे गेला, तेथे त्याची सूत्रे झाली, सूत्रांचा अभ्यासक्रम झाला आणि अभ्यासक्रम परत येऊन विणकराच्या मुलाला गृहपाठ म्हणून मिळाला. कच्चा कापूस न्यायचा आणि कापड करून परत विकायचे, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कल्पनांच्या बाबतीतही तो झाला, हे सहसा सांगितले जात नाही.

साडीतच सगळे सापडेल असे अर्थात नाही. सपाट कापड घनता शिकवू शकत नाही. त्यासाठी भंडारा शहराकडे वळावे लागेल. हे शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघर शिरल्यावर त्या धंद्याला उतरती कळा लागली. मठारकाम केलेल्या पितळी गुंडावर हातोडीचे जे असंख्य ठोके दिसतात त्यांतला प्रत्येक ठोका प्रकाश वेगळ्या कोनातून परतवतो, म्हणून भांड्याची गोलाई डोळ्यांना भरीव लागते. त्या ठोक्यांनी पत्रा टणकही होतो. शोभा आणि उपयोग यांची फारकत कारागिराच्या घरात झालेली नव्हती.

अवकाश म्हणजे रिकामी जागा, हा घटक मात्र विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जातो. उत्तरपत्रिकेत जागा रिकामी राहिली तर गुण जातील, या भीतीने ते कोपरान् कोपरा भरून टाकतात. त्यांना पवनीला न्यावे. वैनगंगेकाठच्या या गावी १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याच्या स्तंभांवर शिल्पे कोरलेली होती. त्यांत मुचलिंद नागाचे एक शिल्प आहे : नागाने फणा उभारला आहे, आणि त्याखाली आसन आहे, ते रिकामे. वादळात बुद्धाचे रक्षण करणाऱ्या नागाची ही कथा. पण बुद्धाची मूर्ती घडवण्याचा प्रघात त्या काळी पडलेला नव्हता. शिल्पकाराने जेथे काहीच कोरले नाही तेथेच पाहणाऱ्याची नजर खिळते. प्राधान्य म्हणजे सर्वांत मोठा आकार किंवा सर्वांत भडक रंग, अशी जी समजूत वर्गात रूढ असते ती या एका दगडापुढे टिकत नाही. उत्खननातील बरेचसे अवशेष जिल्ह्याबाहेर गेले असले, तरी टेकडी जागेवरच आहे, आणि चांगले छायाचित्र वर्गात लावण्यास कोणाची हरकत नाही.

आता किमतीचा प्रश्न. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधा विचार मांडला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो मुख्यतः त्यासाठी. ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाची पारख आहे आणि घेणाऱ्याला नाही, तेथे घेणारा चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव देऊ करतो, कारण फसण्याची जोखीम तो किमतीतून कापून घेतो. मग चांगला माल बाजारातून हळूहळू निघून जातो. करवतकाठीचे नेमके हेच होत आहे. यंत्रमागावर जॅकार्ड लावून काठावर दातांसारखी नक्षी उठवता येते. दुकानाच्या दिव्याखाली, घडी घातलेल्या साडीवर, ती खऱ्यासारखीच दिसते. मिश्र धाग्याचे कापड कोसा म्हणून खपवता येते. गिऱ्हाईक दोन्ही साड्या शेजारी ठेवते, किमतीतला फरक ऐकते आणि स्वस्त साडी घेऊन जाते. ते कंजूष असते म्हणून नव्हे. जास्त पैसे कशाचे, हे त्याला दिसतच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे शहाणा माणूस देत नाही.

कायद्याने यावर उपाय करून पाहिले आहेत. हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवणारा अधिनियम १९८५ मध्ये झाला. त्याखाली प्रथम बावीस प्रकार राखीव होते, पुढे ते अकरावर आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा कायदा वैध ठरवला. पण गावोगावच्या यंत्रमागावर काय विणले जाते हे कोणता निरीक्षक पाहणार? कापड अस्सल हातमागाचे आहे हे सांगणारे 'हँडलूम मार्क' हे चिन्ह २००६ मध्ये आले. करवतकाठीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ही सारी साधने इष्टच आहेत. तथापि चिन्हाचा अर्थ कळण्यासाठीही थोडी पारख लागते, आणि चिठ्ठी चिकटवणे हे दात विणण्यापेक्षा केव्हाही सोपे असते. देशाच्या हातमाग गणनांचे आकडे बोलके आहेत. १९९५ मध्ये विणकर आणि त्यांचे साहाय्यक मिळून सुमारे ६५ लाख होते. २००९-१० मध्ये ते ४३ लाखांच्या आसपास आले आणि २०१९-२० मध्ये ३५ लाखांच्या. कायदे आणि चिन्हे यांच्या सोबतीनेच ही घट झाली आहे.

चित्रकलेचा तास नीट घेतला की आंधळगावचे माग पुन्हा खणखणू लागतील, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सुताचे आणि कोशाचे भाव, मजुरी, मधला व्यापारी, उधारीचे चक्र, विणकराच्या मुलाला नागपुरात दिसणारी बरी नोकरी, ही कारणे वर्गाच्या भिंतीबाहेरची आहेत. बापाने मागावर पाठ मोडून घेतली म्हणून मुलानेही घ्यावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार पंख्याखाली बसणाऱ्या कोणालाही नाही. किंबहुना पुष्कळ हातमागप्रेमी लेखन वाचताना हीच शंका येते, की लेखकाला कारागिराच्या कलेची काळजी आहे, कारागिराच्या मजुरीची नाही. म्हणूनच मागणीच्या बाजूने विचार करणे प्राप्त आहे. मजुरी वाढायची तर कापडाला भाव मिळाला पाहिजे. भाव मिळायचा तर भेद दिसला पाहिजे. आणि भेद पाहण्याची सवय ज्या वयात लागते त्या वयात मूल शाळेत असते. आज आठवीत असलेली मुले दहा-पंधरा वर्षांनी शिक्षक, कारकून, परिचारिका, व्यापारी होतील, लग्नांचे बस्ते बांधतील, दुकानात साडीची घडी उलगडून पाहतील. त्यांतली फार थोडी चित्रकार होतील. परंतु गिऱ्हाईक सगळीच होणार आहेत.

मग शाळेत याची व्यवस्था काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. याचा सरळ अर्थ, शंभराच्या आतल्या शाळेला कलेचा वेगळा माणूस नाही. ग्रामीण भागात अशाच शाळा फार. तेथे चित्रकलेचा तास गणिताचे शिक्षक गणित पुरे करण्यासाठी वापरतात आणि त्यांना दोष देता येत नाही. शिष्यवृत्तीच्या निकालाबद्दल त्यांना जाब विचारला जातो, पोताबद्दल नाही. ज्या शाळांत कलाशिक्षक आहेत तेथे त्यांचे बहुतेक बळ रेखाकला परीक्षेच्या तयारीत खर्च होते. परीक्षेला काय लागते हे ठरलेले आहे. आंधळगावचा काठ त्यात येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र एक दार उघडे ठेवले आहे. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, आणि त्या दिवसांत सुतार, कुंभार, माळी, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम, अशी ती कल्पना आहे. भंडारा जिल्ह्यातील शाळांनी हे दहा दिवस सहलीत आणि रांगोळी स्पर्धेत उडवून टाकू नयेत. दोन दिवस मागाशी, एक दिवस पितळेच्या कामाशी, एक दिवस पवनीला, इतके जरी झाले तरी पुरे. गणिताच्या शिक्षकांनीही अवश्य जावे. किती ओळींनी दात पुढे सरकतो आणि किती ओळींनी मागे येतो, यात त्यांच्या कामाचे बरेच आहे. जाणाऱ्या वर्गाने विणकराच्या बुडालेल्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि ते शाळेच्या खर्चात मोकळेपणाने दाखवावेत. शिकवणाऱ्याला मानधन असते. मागावर बसलेला शिकवणारा त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

भंडाऱ्याहून एसटीने आंधळगाव फार दूर नाही. तेथे गेल्यावर मुलांना प्रथम मूलघटकांची यादी म्हणायला लावू नये. एक अस्सल साडी आणि एक नकली साडी शेजारी ठेवावी, आणि दोन्हींचे काठ उलटून मागची बाजू वर करावी. नकली काठाच्या मागे सुटे, लोंबते धागे किंवा ते कापल्याच्या खुणा दिसतील आणि दातांचा आकार पुसट होईल. अस्सल करवतीचे दात पुढून जसे स्वच्छ दिसतात तसेच मागूनही दिसतात. मग पुन्हा सुलट्या बाजूकडे यावे, लाल रंग दोन्हींत सारखा आहे का ते विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत शिक्षकांनी थोडे थांबावे.